कोंढ्याच्या घरात रात्री कोणीच जेवत नव्हतं

सुलोचनाकाकूंचा फोन आला तेव्हा मी पुढच्या सुट्टीसाठी कोकणात खोली शोधत होते. काकू कोंढ्याला आमच्या घराशेजारी किराण्याचं दुकान चालवतात आणि उगाच कधी फोन करत नाहीत. "वैशू, तुया बाबाले काल घेरी आली वं. विहारातून येता येता माह्या ओट्यावरच बसले. तीन महिने झाले, रातचं जेवतच नाहीत ते. मी सांगतलं म्हणून सांगू नको बरं!"

कोकण बाजूला राहिलं आणि मी नागपूरच्या गाडीची तिकिटं काढली. जाताना एक, येताना दोन. दुसरं बाबांचं.

या ब्लॉगवर नव्याने आलेल्यांसाठी थोडी ओळख करून देते. मी पुण्यात नोकरी करते, पण माहेर भंडारा जिल्ह्यातलं, पवनी तालुक्यातलं कोंढा. आई जाऊन दोन वर्षं झाली. बाबा त्र्याहत्तर वर्षांचे, निवृत्त ग्रामसेवक, मधुमेही आणि हट्टी; हट्टीपणात पहिला नंबर. गेल्या आश्विन पौर्णिमेपासून त्यांच्या घरी श्रीलंकेचं एक जोडपं राहतं. सोमपाल तिकडे पोस्टमास्तर होते, कुसुमा शाळेत शिकवायच्या. दोघंही सत्तरीच्या आसपास. तिकडची एक धम्मसंस्था अशा निवृत्त नवरा-बायकोंना वर्षभरासाठी परदेशात पाठवते. ते भिक्खू नसतात, साधे संसारी उपासक असतात. ज्या गावी जातील तिथल्या विहाराची देखभाल करायची, मुलांना गाथा शिकवायच्या, ध्यानाला बसवायचं, आजारी माणसाला भेटून यायचं, एवढंच काम. आमच्या विहारात राहण्याजोगी खोली नाही, म्हणून समितीच्या लोकांनी बाबांना विचारलं आणि बाबांनी पुढच्या दोन खोल्या झाडून दिल्या.

"ते दोघं दुपारी बारानंतर अन्नाले हात नाही लावत," हे बाबांनी मला फोनवर मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. आपणही लावत नाही, हे सोयीस्करपणे गाळलं होतं. संध्याकाळची साखरेची गोळी मात्र ते नेमाने घेत होते, रिकाम्या पोटी. ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांना याचा अर्थ कळेल.

खोटं कशाला बोलू, माझा राग त्या जोडप्यावर होता. परदेशातून येऊन माझ्या बापाला उपाशी ठेवतात म्हणजे काय! बाबांना सोबत आणायचं, घराला कुलूप लावायचं आणि पाहुण्यांना दुसरी सोय बघायला सांगायची, असं मी पुणे स्टेशनातच ठरवून टाकलं होतं. दुसरी सोय त्या गावात नव्हती, हे मला माहीत होतं.

*

शुक्रवारी सकाळी नागपूर. जानेवारीत जाणार असाल तर स्वेटर बॅगेच्या तळाशी ठेवू नका, फलाटावरच लागतो. स्टेशनबाहेर तर्री पोहे खाल्ले, रिक्षाने एसटी स्टँड गाठलं आणि भंडाऱ्याची गाडी पकडली. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे नागपूर ते कोंढा हा सगळा प्रवास पुण्यातल्या एका थाळीपेक्षा स्वस्तात होतो. मौदा, मग शहापूर, मग भंडारा. शहापूरला हायवेवर गाडी थांबली की शेंगदाणे आणि पेरू खिडकीशी येतात. पेरू घ्या, मीठ-तिखट मागून घ्या. भंडाऱ्याला गाडी बदलायची आणि पवनीची एसटी धरायची. इथून पुढे दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मध्येच एखादा तलाव, त्यात बगळे. अड्याळ मागे पडलं की मी आपोआप पदर सावरते, सलवार-कुर्ता घातलेला असला तरी. माहेराची सवय.

बाबा स्टँडवर आले होते. शर्ट खांद्यावरून ओघळत होता.

"काहून आली वं मधातच?" त्यांनी माझी बॅग ओढून घेत विचारलं.

"तुमाले घ्याले आली."

"मी कोठंच येत नाही," ते म्हणाले, आणि घरापर्यंत हवामानावर बोलले.

ओसरीवर ते दोघं उभे होते, पांढऱ्या कपड्यांत. कुसुमा ठेंगण्या, चष्म्यामागे डोळे मोठे दिसणाऱ्या. सोमपाल उंच, किंचित वाकलेले. मी मनात तयार केलेलं भाषण घेऊन उभी, आणि सोमपाल हात जोडून म्हणाले, "जय भीम, बाई. जेवून आली का तुमी?" हुबेहूब आमच्या झाडीपट्टीच्या सुरात. तीन महिन्यांत त्यांनी इंग्रजी, हिंदी आणि कोंढ्याची बोली यांची एक खिचडी शिजवली होती आणि कुठल्याही प्रश्नाला "हव जी" म्हणायला शिकले होते. कुसुमांचं माझ्याशी इंग्रजीतून चालायचं. इथे मी ते मराठीतच लिहिते. माझं भाषण राहून गेलं. राग मात्र राहिला.

त्यांचं तिन्हीसांजेपर्यंतचं वेळापत्रक मी त्याच दिवशी विचारून-बघून घेतलं, तपासणीला आल्यासारखी. पहाटे पाचला उठून विहाराचं अंगण झाडायचं. मूर्तीपुढे पाणी, फुलं, दिवा. वंदना. घरी येऊन बिनदुधाचा चहा. चहात साखर नाही, हातावर गुळाचा खडा घ्यायचा आणि घोटागणिक चावायचा. सकाळी कोणाच्या घरी म्हातारं माणूस अंथरुणाला असेल तर त्याच्याजवळ बसायचं. अकराच्या आत गावातल्या एका घरून जेवणाचा डबा येतो, रोज पाळीप्रमाणे वेगळं घर. तुम्ही कधी गेलात आणि दान द्यायची इच्छा झाली तर हे लक्षात ठेवा: अकराच्या आत, आणि तिखट बेताने. आमच्याकडच्या लोकांना बेताने म्हणजे किती ते कळत नाही, हा भाग वेगळा.

संध्याकाळी सहाला पुन्हा विहार. सातला घर. आणि मग सगळं शांत. चूल थंड, गॅस थंड, भांडी पालथी.

मी स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरायला घेतला तर बाबा धावत आले. "फोडणी नको देऊ! वास जाते ना तिकडं."

"जाऊ द्या की. तुमी जेवा."

"पाहुणा उपाशी अन् घरचा जेवते, हे बरं दिसते का?" ते कुजबुजले. "पैल्याच दिवशी मानूस ताटावरून हात जोडून उठलं. बारानंतर नाही म्हणे. मंग मी काय त्याइच्या नाकासमोर वरण-भात वरपू?"

मी साखर मोजायचं यंत्र सोबत आणलं होतं. बोटाला सुई टोचली आणि आकडा इतका खाली आला की माझाच चेहरा उतरला. पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आधी काही तरी गोड द्या, मग जेवण द्या, आणि रिकाम्या पोटी ती गोळी पुन्हा देऊ नका. बाबा म्हणे, दिवस बुडाला, आता नाही. आमचा आवाज वाढला. तेवढ्यात दारात सोमपाल, हातात गुळाची वाटी. "गूळ चालते! गूळ औषध! हव जी!" त्यांनी बाबांना एक खडा दिला, बायकोला एक दिला आणि स्वतः दोन घेतले. औषध म्हणून घेतलेला गूळ इतक्या तन्मयतेने खाणारी माणसं मी तरी पाहिली नव्हती. गुळावर बाबांना मी दटावून दूधही पाजलं. जेवण नाहीच.

मी एकटीने खिचडी खाल्ली. कुसुमा पाण्याचा तांब्या भरायला आल्या, पातेल्याकडे बघून म्हणाल्या, "खा, खा, तू प्रवासातून आलीस," आणि तांब्या भरल्यावरही जराशा तिथेच रेंगाळल्या.

*

शनिवारी मी गावातून एक गाडी ठरवली. एक दिवस फिरवते म्हटल्यावर माणसं मोकळी होतात, आणि मला बाबांशी गाडीत बोलायचं होतं. आधी पवनी. ज्यांना इतिहासाची आवड आहे त्यांनी पवनी चुकवू नये. इथे उत्खननात फार जुन्या स्तूपांचे अवशेष सापडले आहेत. फलक वाचून फारसं कळत नाही, तरी टेकाडावर उभं राहून खाली वैनगंगा बघण्यासारखी आहे. सोमपाल आणि कुसुमा तिथे गुडघे टेकून बराच वेळ बसले. परदेशातून येऊन त्यांना ही माती एवढी आपली वाटत होती आणि मी दहावीपर्यंत इथे येऊन फक्त बोरं खाल्ली होती.

मग गोसीखुर्द. धरणाच्या वाटेवर साडेअकरा झाले आणि गाडीत खळबळ उडाली. बाबा सारखे घड्याळ बघायला लागले, सोमपाल त्यांच्या घड्याळाशी आपलं लावून बघायला लागले. "अजून किती दूर?" "लवकर घे ना बाप्पा!" ड्रायव्हरने शेवटी विचारलं, "काय आग लागली का जी?" पावणेबाराला पाण्याच्या काठाला एका झाडाखाली सतरंजी पडली. कुसुमांनी डबे उघडले: भात, नारळ घातलेलं वरण, आणि सुलोचनाकाकूंनी दिलेले लाखोरीच्या डाळीचे वडे. त्यानंतरची पंधरा मिनिटं तिघंही असे जेवले की वाढणारीची तारांबळ उडावी. मी खूश झाले. मग मनात आलं, दिवसातून एकदा अशी झडप घालणारी माणसं संध्याकाळी सुखाने उपाशी कशी राहत असतील? पण विचार तिथेच सोडला. थोडी अक्कल चालवली असती तर एक दिवस वाचला असता.

जेवण झाल्यावर कुसुमा पाण्याकडे बघत म्हणाल्या की त्यांच्या गावाकडेही असेच तलाव आहेत, तलावाखाली भातशेती, आणि कोंढ्याला आल्या त्या दिवशी त्यांना वाटलं होतं की विमान चुकून परत घरीच उतरलं. मग त्यांनी विचारलं, एवढं पाणी जिथे आहे तिथे पूर्वी काय होतं?

बाबा उठून उभे राहिले. नोकरीत असताना बुडितात गेलेलं एक गाव त्यांच्याकडे होतं. "तठी शाळा होती," ते बोट दाखवून सांगू लागले. "तिच्या मागं बोडी, लहानसा तलावच म्हना. त्या बाजूनं मारुतीचा पार." मी त्यांना असं आतून बोलताना आईनंतर पहिल्यांदा ऐकत होते. "नवीन वसाहतीत साऱ्याइले पक्के घरं भेटले. नळ, लाइट, सारं. त्या गावचा एक म्हातारा होता, माह्यापेक्षा दहा-बारा वर्षांनं मोठा. मी इचारलं, कसं वाटते? म्हणे, साहेब, घर झकास आहे, पण जेवन जात नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुन्याले तुया घरी बी सारं झकास आहे, पोरी. मले ठाऊक आहे."

मी ज्यासाठी गाडी ठरवली होती ते बोलणं असं झालं. पण पोटात काही न घेता गोळी घेणाऱ्या माणसाला मी तिथे ठेवणार तरी कशी? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशी गत.

परतताना पवनीच्या चौकात पेरूवाली बसली होती. दुपारचे तीन. तिघांनीही पेरूंकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि सोमपाल मोठ्याने म्हणाले, "सुंदर पेरू!" कोणीच घेतले नाहीत.

*

रविवारी सकाळी विहारात मुलांचा वर्ग असतो. पांढरे कपडे घातलेली तीसेक पोरं-पोरी, पुढे कुसुमा गाथा म्हणणार, मागे मुलं. उच्चार त्यांचे वेगळे, आमचे वेगळे, पण चाल जुळते. वर्ग संपताना सोमपालांनी त्यांच्या खिचडी भाषेत पाच मिनिटं उपदेश केला. विषय ऐकून मी सावरून बसले. विषय होता माझे बाबा.

"आमच्या देशात मोठे मोठे उपासक," ते म्हणाले, "पौर्णिमा, अष्टमी, अमावास्या, उपोसथ करतेत, दुपारनंतरचा उपास. महिन्यात चार दिवस. पन हे तुमचे आजोबा! रोज! रोज दुपारनंतर अन्न नाही! मी माझ्या गावाले पत्र लिहिलो. असा उपासक मी नाही पाह्यला!"

मुलांनी विहारातल्या रीतीने वाहवा केली, "साधू! साधू! साधू!" बाबांनी मान खाली घातली आणि चपला ठेवल्या होत्या तिकडे बघत राहिले. गावाला तो विनय वाटला. माझ्या डोक्यात मात्र आकडा अडकला. महिन्यात चार दिवस?

बाहेर पडताना मुली काहीतरी चघळत होत्या. मी सहज विचारलं, आजोबांनी बिस्किटं दिली का? "नाई, गोळ्या देतेत," एक जण म्हणाली. "बिस्कीट कधीच नाही देत." मी बिस्किटाचं का विचारलं ते मलाही सांगता येणार नाही. सोमपालांच्या झोळीत शनिवारी मला चमकदार कागद दिसला होता, बहुतेक त्यामुळे.

तिथून तडक सुलोचनाकाकूंच्या दुकानात. "काकू, आमच्या घरी बिस्किटं कोन नेते?"

काकूंनी तराजू खाली ठेवला. "आता तू इचारलं म्हणून सांगतो. मले दोघाइनं शपथ घातली, पन येगयेगळी घातली." आणि त्यांनी सांगितलं ते असं. बाबा एक दिवसाआड ग्लुकोजचा एक पुडा नेतात आणि म्हणतात, कुत्र्यासाठी. सोमपाल एक दिवसाआड दोन पुडे नेतात आणि म्हणतात, वर्गातल्या पोरांसाठी. "त्या कुत्र्याले मी तीन महिन्यांत एक बिस्कीट खाताना नाही पाह्यलं, बाई. अन् पोरं तं माह्याजवळ येऊन बिस्कीट मागतेत!"

मी दुकानाच्या पायरीवर बसले आणि हसायला लागले. काकूंना कळेना. सांगितल्यावर त्याही बसल्या. पाहुणे आले तो दिवस पौर्णिमेचा होता! त्या एका दिवशी ते ताटावरून उठले. बाबांना वाटलं, यांचा हा रोजचा नेम, आणि पाहुण्यांच्या मानाखातर आपणही जेवण सोडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहुणे बघतात तो चूल थंड. त्यांना वाटलं, या घरच्या वडीलधाऱ्या माणसाचा हा रोजचा नेम, आणि यजमानाच्या मानाखातर त्यांनीही सोडलं. गावात कोणी संध्याकाळचा डबा आणेना, कारण साधू माणसं! आणि मग दोन्हीकडून इतकं कौतुक झालं की मागे फिरायची सोय राहिली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि आत ग्लुकोजचं बिस्कीट.

दुपारी मी घर धुंडाळलं. तपासणीचा मला आता हक्क होता. बाबांचा पुडा तांदळाच्या कोठीमागे निघाला. पाहुण्यांच्या खोलीत मी गेले नाही, तेवढी रीत आहे मला. सोमपालांची झोळी ओसरीवर खुंटीला होती, तीही मी नुसती चाचपली. कुरकुरली.

मग आईची पितळी ताटं फळीवरून खाली काढली. चार आहेत, भंडाऱ्याहून घेतलेली, आई असताना रोज वापरात असायची. काळी पडली होती. चिंच लावून घासली. सुलोचनाकाकूंकडून बेसन आणलं आणि पातोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, रस्साभाजी करायला घेतली. बाबांचा तो जीव की प्राण. या वेळी फोडणी अशी दिली की तीन घरांत ठसका गेला पाहिजे.

सात वाजता तिघं विहारातून आले. ओसरीवर चार ताटं मांडलेली, भाताची वाफ निघतेय. बाबा उंबऱ्यातच थांबले. सोमपाल त्यांच्या मागे थांबले. कुसुमा दोघांच्या मध्ये.

"तू जेव, पोरी," बाबा म्हणाले. "आमचा नेम..."

"हव जी," सोमपाल म्हणाले. डोळे पातेल्यावर.

मी कोठीमागचा पुडा आणून चार ताटांच्या मधोमध ठेवला. मग खुंटीची झोळी काढून सोमपालांच्या हातात दिली. ते बाबांच्या पुड्याकडे बघत राहिले, मग झोळीत हात घालून आपला पुडा काढला आणि पहिल्याशेजारी नीट, पोस्टातल्या पार्सलासारखा, ठेवला. दोन्ही अर्धे संपलेले. कंपनी एकच.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तीन चोर आणि पौर्णिमाच पौर्णिमा. मग कुसुमांच्या घशातून एक आवाज आला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. हसता हसता खाली बसल्या, चष्मा काढला, पदराने डोळे पुसले, आणि नवऱ्याला त्यांच्या भाषेत भराभरा काही सुनावलं. मग मला म्हणाल्या, "मी पहिल्या आठवड्यापासून सांगत होते, त्यांना विचारा! हे म्हणत होते, एवढ्या मोठ्या उपासकाला असं विचारायचं नसतं."

मी ते बाबांना सांगितलं. बाबांनी आधी पुड्यांकडे पाहिलं, मग सोमपालांकडे. "म्हणजे तुमी... रोज नाही?"

"नाही," सोमपाल म्हणाले. "तुमी?"

"मी कायले रोज, बाप्पा!"

आणि हे दोन म्हातारे, एक कोंढ्याचा आणि एक समुद्रापलीकडचा, एकमेकांचे हात धरून ओसरीवर इतके हसले की सुलोचनाकाकू दुकान सोडून कुंपणाशी आल्या. मी मात्र तेव्हा रडले. तीन महिन्यांचा नाही, दोन वर्षांचा घोर एकदम उतरला होता.

भात तीनदा लावावा लागला. कुसुमांना पातोडी तिखट लागली, नाक पुसत पुसत दोनदा घेतली. आमच्या काही घरांत आजही मोठी माणसं हसत म्हणतात, आधी पोटोबा, मग बाकीचं. त्या रात्री पटलं. जेवणानंतर तासा-दोन तासांनी बाबांची साखर मोजली. आकडा ऐकून डॉक्टर फोनवर म्हणाले, आता झोपा तुम्ही.

पाहुणे आपल्या खोलीत गेल्यावर बाबा ताटं विसळायला माझ्या शेजारी आले. मी म्हटलं, "बाबा, एक सांगा. ते रोज नाही, हे तुमाले एकदाबी वाटलं नाही?"

ते ताट विसळत राहिले. "वाटलं ना. एक महिन्यानं वाटलं."

"मंग इचारलं काहून नाही?"

"तुई माय गेली तवापासून रातचं एकट्याचं ताट वाढाचं जीवावर येत होतं," ते म्हणाले. "चिवडा खाऊन झोपत होतो. तुले फोनवर जेवलो म्हणून सांगत होतो. हे आले, तं न जेवाले एक निमित्त भेटलं. चांगलं निमित्त. लोक साधू म्हणत."

मी ताट पुसून फळीवर ठेवायला गेले तर ते म्हणाले, "वर नको ठेवू. खालीच राहू दे."

*

सोमवारी निघण्याआधी काही गोष्टी ठरल्या. जेवण साडेसातला, तिघांचं एकत्र. कुसुमा भात करणार, बाबा भाजी. उपोसथाला ते दोघं नेम पाळणार आणि बाबा त्या दिवशी जेवणार. मधुमेही माणसाने उपाशी राहू नये हे सोमपालांनी स्वतः त्यांना बजावलं, मोठ्या उपासकाचा मान बाजूला ठेवून. पुढच्या रविवारी वर्गात खरं काय ते सांगायचं, हेही ठरलं. बाबा म्हणाले, "इज्जत जाईन." काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, "गेली कधीचीच. बिस्किटाचा धंदा माहा बसला तेवढा!"

स्टँडवर बाबांनी माझी बॅग धरली होती. परतीचं दुसरं तिकीट मी एसटी येईपर्यंत मोबाइलवरून रद्द केलं आणि त्यांना दाखवलं. त्यांनी माझ्या हातात पेरूंची पिशवी दिली.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: कोंढ्याला लॉज नाही, मुक्काम पवनीला किंवा भंडाऱ्याला करा. विहारात गेलात तर फोटोआधी विचारा. आणि सोमपाल-कुसुमांना भेटलात तर संध्याकाळचं जेवायला विचारायला लाजू नका. ते हो म्हणतील.

आता पुण्यात आहे. ते दोघं वर्ष संपलं की परत जातील, मग बाबांचं काय, हा प्रश्न तसाच आहे; तो मी सोडवून आले असं सांगणार नाही. पण पूर्वी मी रोज फोन केला की बाबा तो ठेवू देत नसत. धानाच्या भावाचं, पावसाचं, कोणाच्या लग्नाचं, काहीही काढत बसत. मला वाटायचं, त्यांना गप्पांची हौस आहे. फोन ठेवला की समोर काय असायचं, ते मला आत्ता कळलं. काल साडेसातला सवयीने लावला. मागून भांड्यांचा आवाज येत होता, सोमपाल काहीतरी "हव जी, हव जी" करत होते. मी नुसतं "कसे आहात?" विचारलं.

"बरा आहो," बाबा म्हणाले. "पन ठेव आता, माय. ताटं वाढली. भात थंडा होऊन राहिला."

आणि त्यांनी फोन ठेवून दिला.